जॉनी लिव्हर: कारखान्यातला विनोद आणि प्रार्थनासभेतली साक्ष

अमेरिकेत ख्रिस्ती विनोदवीर हा एक वेगळा धंदाच आहे. चर्चच्या सभागृहांत तिकीट लावून होणारे कार्यक्रम, भक्तिसंगीत काढणाऱ्या कंपन्यांनी बाजारात आणलेल्या विनोदाच्या ध्वनिफिती, मुलाबाळांसह ऐकता येईल असा मजकूर आणि शेवटी थोडा उपदेश, अशी त्याची ठरलेली घडण असते. आपल्याकडे असा माणूस कोण, असे कोणी विचारले तर पहिले नाव जॉनी लिव्हर यांचेच घ्यावे लागते आणि ते घेताक्षणीच लक्षात येते की हा माणूस त्या साच्यात मुळीच बसत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिस्ती लोक २.३ टक्के आहेत आणि महाराष्ट्रात तर एक टक्क्याहूनही कमी. एवढ्या लहान समाजाच्या हसण्यावर कोणाची चूल पेटत नाही. मुंबईत रंगमंचावर उभे राहून पोट भरायचे तर गणेशोत्सवाच्या मंडपात, नवरात्रात, कामगारांच्या स्नेहसंमेलनात आणि बिल्डरच्या मुलाच्या लग्नातही तितकाच हशा वसूल करता आला पाहिजे.

जॉनी लिव्हर यांनी तो केला, आणि चार दशकांहून अधिक काळ केला. त्यांच्या ख्रिस्ती असण्याचा त्या हशाशी नेमका काय संबंध होता, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे, कारण त्यांच्यावर लिहिले गेलेले बहुतेक लेख धारावीपासून सुरू होऊन फिल्मफेअरपाशी संपतात आणि श्रद्धेचा भाग एखाद्या वाक्यात उरकून टाकतात. उलट ख्रिस्ती मंडळींत त्यांची ‘साक्ष’, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवाचे जाहीर कथन, तेवढी फिरत राहते आणि तिच्याआधीचा कलावंत तिथे केवळ पापी जीवनाचा नमुना म्हणून येतो. दोन्ही ठिकाणी अर्धाच माणूस हाती लागतो.

त्यांचे मूळ नाव जॉन प्रकाशराव जनुमला. जन्म १४ ऑगस्ट १९५७ चा, आंध्रातल्या कनिगिरी गावचा, तेलुगू ख्रिस्ती कुटुंबातला. कनिगिरी बराच काळ प्रकाशम जिल्ह्यात होते आणि त्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण ओंगोल हे भारतातल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती इतिहासात फार मोठे नाव आहे. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात जॉन क्लाऊ या अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचे कंत्राट घेतले आणि उपाशी लोकांना तिथे मजुरी मिळवून दिली. दुष्काळ ओसरत असताना, ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी, गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांना बाप्तिस्मा देण्यात आला. बाप्तिस्मा घेणारे बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरचे होते. आपल्या अहमदनगर भागात त्याच दुष्काळाच्या आगेमागे जे घडले त्याच्याशी हे चित्र बरेचसे जुळते, त्यामुळे मराठी वाचकाला ते परके वाटू नये. जनुमला घराण्यात हा धर्म कधी आणि कोणत्या वाटेने आला, याविषयी मी काही म्हणत नाही. पण ज्या मुलखातून हे कुटुंब मुंबईत आले, तिथे ख्रिस्ती असणे म्हणजे कॉन्व्हेंट, पियानो आणि फाडफाड इंग्रजी असा अर्थ होत नव्हता, एवढे मात्र ठामपणे सांगता येते. मुंबईकराच्या डोळ्यांसमोर ख्रिस्ती म्हटले की वांद्र्याचा बंगला किंवा वसईची वाडी येते. धारावीतला तेलुगू ख्रिस्ती मजूर त्या चित्रात कुठेच नसतो.

किंग्ज सर्कल आणि धारावीच्या त्या पट्ट्यात हा मुलगा वाढला. वडील हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात ऑपरेटर होते आणि त्यांच्या दारूच्या व्यसनाविषयी जॉनी पुढे मुलाखतींत मोकळेपणाने बोलले आहेत. भावंडांत थोरला असल्यामुळे घराची ओढाताण पहिल्यांदा याच्याच अंगावर आली आणि आंध्र एज्युकेशन सोसायटीच्या इंग्रजी शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. धारावी ही त्या काळी आणि आजही एक विलक्षण शाळा आहे. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेले कुंभार, चामड्याच्या कामात तमिळ मुसलमान, शिवाय तेलुगू, कन्नड, मराठी, उत्तर भारतीय, अशी सगळी बोली एका नळावर भांडत असते. ज्याचा कान तयार आहे त्याला मिमिक्रीचा वर्ग वेगळा लावावा लागत नाही. गंमत म्हणजे शहरातल्या मोठ्यांत मोठ्या सभागृहांपैकी एक असलेले षण्मुखानंद त्याच किंग्ज सर्कलला, या वस्तीपासून पायी जाण्याच्या अंतरावर उभे आहे.

मग पेन विकण्याचा उद्योग आला, आणि मला तो त्यांच्या पुढच्या कलेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रस्त्यावर पेन विकणारे मुंबईत शेकडो होते. हा पोरगा नटांचे आवाज काढायचा, गाण्यावर नाचायचा आणि जमलेल्या माणसांना पेन विकायचा. यात विनोदाचे जे मूळ गणित आहे ते पुढे कितीही मोठ्या सभागृहात बदलत नाही: समोरचा माणूस गाडी पकडायला निघालेला आहे, त्याने तुमच्यासाठी थांबण्याचे काहीही कारण नाही, आणि पहिल्या काही क्षणांत त्याला थांबवता आले नाही तर तो गेलाच. जॉनी लिव्हर यांच्या रंगमंचावरच्या वावरात जी घाई आहे, चेहऱ्यावर एकामागून एक भाव फेकण्याची जी सवय आहे, ती मला नेहमी फूटपाथवरच्या या धंद्यातून आलेली वाटते. क्लबमध्ये शिकलेला विनोदवीर सावकाश मांडणी करतो, कारण त्याच्या प्रेक्षकाने पैसे आधीच भरलेले असतात. काही काळ ते हैदराबादच्या जुन्या शहरात, याकूतपुऱ्यातही राहिले, आणि दखनी बोलीचा तो लहेजा त्यांच्या अनेक पात्रांत पुढे उतरला.

वडिलांच्या मागोमाग तेही हिंदुस्तान लिव्हरमध्ये कामगार म्हणून लागले. शंभर किलोंच्या वर वजनाची पिंपे उचलण्याचे काम होते, असे त्यांनी सांगितले आहे. तिथे मोकळ्या वेळात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला सुरू झाल्या: कोण कसा चालतो, कोण इंग्रजीत कसा ओरडतो, कोण कामगाराशी बोलताना खिशात हात घालतो. एका समारंभात या नकला सगळ्यांसमोर झाल्या आणि कामगारांनीच त्यांना जॉनी लिव्हर म्हणायला सुरुवात केली. जगभरच्या कलावंतांनी टोपणनावे घेतली, पण आपल्या मालकाच्या कंपनीचे नाव आयुष्यभरासाठी आडनाव म्हणून मिरवणारा दुसरा नट मला आठवत नाही. कंपनीने स्वतः ते नाव २००७ मध्ये बदलून हिंदुस्तान युनिलिव्हर केले. यांचे मात्र तेच राहिले.

या नकलांचे वैशिष्ट्य असे की त्या खालून वर केलेल्या होत्या. साहेबाची नक्कल कामगारांसमोर करणे आणि पुढे साहेब स्वतः पहिल्या रांगेत बसलेला असताना करणे, या दोन्हींत मोजूनमापून किती चिमटा घ्यायचा याचे भान लागते. चिमटा कमी पडला तर कामगार हसत नाहीत, जास्त पडला तर नोकरी जाते. हे माप ज्याला एकदा साधले तो पुढे चित्रपटसृष्टीतल्या नटांसमोर त्यांचीच नक्कल करून त्यांच्याकडूनच टाळ्या घेऊ शकतो, आणि जॉनी यांनी नेमके तेच केले.

सुमारे सहा वर्षे नोकरी केल्यावर १९८१ मध्ये त्यांनी ती सोडली. बाहेरच्या कार्यक्रमांमुळे खाडे वाढत चालले होते आणि कमाईही कार्यक्रमांतूनच अधिक होत होती. आज हे वाचताना सरळ वाटते, पण त्या काळच्या मुंबईत कायम नोकरी म्हणजे काय होते हे ज्यांच्या घरात गिरणी कामगार होऊन गेला त्यांना सांगायला नको. लिव्हरसारख्या कंपनीतली नोकरी तर लग्नाच्या बाजारात मोठी जमेची बाजू. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, १८ जानेवारी १९८२ ला, गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास माणसांच्या कायम नोकऱ्यांचा अर्थच बदलून गेला. जॉनी यांचा गिरण्यांशी संबंध नव्हता, आणि त्यांना पुढचे दिसत होते असेही नाही. तरीपण कामगारांच्या शहराचे ज्या वर्षी काहीतरी कायमचे तुटले, त्याच सुमारास एक कामगार त्या शहराला हसवण्याचा पूर्णवेळ धंदा सुरू करतो, हा योगायोग मला दुर्लक्षून पुढे जाववत नाही.

त्या वेळी ‘स्टँड-अप’ हा शब्द इथे कोणी वापरत नव्हते. ऑर्केस्ट्रा होते, आणि ऑर्केस्ट्रात मिमिक्रीवाला असे. गायक पाणी पिऊन येईपर्यंत, वादक पुढच्या गाण्याची तयारी करीपर्यंत मधली रिकामी जागा भरणे एवढेच त्याचे काम. पोस्टरवर त्याचे नाव सर्वांत खाली आणि बिदागीही त्याच क्रमाने. नटांचे आवाज, आगगाडीचा आवाज, कुत्र्यामांजरांचे भांडण, एखादे गाणे निरनिराळ्या गायकांच्या ढंगात, असा ठरलेला माल असे. जॉनी लिव्हर यांनी या मालात दोन गोष्टी घातल्या. एक म्हणजे शरीर: आवाजापुरती मिमिक्री त्यांनी कमरेपर्यंत, गुडघ्यापर्यंत नेली, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नट दिसू लागला. दुसरी म्हणजे नट सोडून भोवतालची माणसे. बसमधला, बारमधला, लग्नातला, पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस त्यांच्या कार्यक्रमात आला, आणि इथेच मिमिक्री संपून आज ज्याला आपण स्टँड-अप म्हणतो ते सुरू झाले. त्यांना भारतातल्या स्टँड-अपचे आद्य कलावंत म्हणतात ते यासाठी.

कल्याणजी-आनंदजी या संगीतकार जोडीने त्यांना हेरले. १९८२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्यासोबत या जोडीचा परदेश दौरा झाला त्यात जॉनीही होते. धारावीतून थेट परदेशातल्या रंगमंचावर. त्याच वर्षी सुनील दत्त यांच्या ‘दर्द का रिश्ता’मध्ये त्यांना भूमिका मिळाली. या चित्रपटाकडे मला पुढे परत यायचे आहे. ‘हंसी के हंगामे’ ही त्यांची विनोदाची कॅसेटही आली. कॅसेटचा जमाना नुकता सुरू झाला होता, टेप सगळीकडे वाजत, आणि ज्यांनी जॉनी लिव्हर यांना कधी पाहिलेले नव्हते अशा घरांतही त्यांचा आवाज पोहोचला. शेखर कपूर यांनी केलेल्या कछुआ छाप अगरबत्तीच्या जाहिरातींतही ते दिसले. १९८६ मध्ये ‘होप ८६’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात सारी चित्रपटसृष्टी समोर बसलेली असताना त्यांना नेहमीसारखे मधली जागा भरायलाच उभे केले होते. त्यातून निर्माते गुल आनंद यांनी ‘जलवा’ दिला आणि नसीरुद्दीन शाह यांच्याबरोबरचा तो चित्रपट १९८७ मध्ये लागला.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून फार लांबवत नाही. १९९३ च्या ‘बाजीगर’मधला विसरभोळा नोकर बाबूलाल याने त्यांना घराघरांत नेले. त्या भूमिकेचे बरेचसे संवाद कागदावर नव्हतेच, ते सेटवर सुचत गेले, असे त्यांनी सांगितले आहे. आणि पाहुण्यांच्या चहाचा तो प्रसंग पुन्हा पाहिला की हे सहज पटते, कारण समोरच्या नटांचे हसू दाबताना होणारे हाल पडद्यावर चक्क दिसतात. त्यानंतर चित्रपटांची रीघ लागली, तीनशेहून अधिक. ‘दीवाना मस्ताना’ आणि ‘दुल्हे राजा’ यांसाठी फिल्मफेअरचे दोन पुरस्कार मिळाले.

माझे मत विचाराल तर चित्रपटांनी या कलावंताला पैसा आणि नाव दिले, कलेत मात्र फारसे काही दिले नाही. नव्वदीच्या दशकात हिंदी चित्रपटात विनोद हा मूळ कथेशी संबंध नसलेला तुकडा असे आणि त्या तुकड्यात जॉनी यांनी येऊन ओरडावे, डोळे फिरवावेत, पडावे, एवढीच अपेक्षा असे. तोतरेपणा, काळा रंग, जाडी बायको यांवरचे विनोद त्यात मुबलक होते आणि आज ते पाहवत नाहीत. पण २००९ च्या ‘ऑल द बेस्ट’मधला टोबू आठवा. हा गुंड मुका आहे आणि चमच्याने ग्लास वाजवून बोलतो. ज्या नटाची सारी कीर्ती तोंडावर उभी आहे त्याचे तोंडच काढून घेतले, तर उरते काय? ग्लासवरचा एक टोला धमकीचा, दोन झटपट टोले चेष्टेचे, मध्येच थांबलेला चमचा आणि वर गेलेली भुवई म्हणजे आता कोणाची तरी धडगत नाही. ऑर्केस्ट्रात ताल ऐकत घालवलेली वर्षे तिथे कामी आली असणार.

चित्रपटांतले विनोदी नट हळूहळू का कमी झाले यावर त्यांचे स्वतःचे निदान मजेशीर आहे. विनोदी नटाला मिळणारा हशा पाहून नायकांना असुरक्षित वाटू लागले, विनोदी नटांची दृश्ये कापली जाऊ लागली आणि पुढे नायकांनीच विनोद करायला घेतला, असे ते म्हणतात. साहेबाची नक्कल करणाऱ्या माणसाला साहेब कशाला घाबरतो हे बरोबर कळते.

आता धर्माकडे येतो. वर सांगितलेल्या सगळ्या प्रवासात त्यांचे ख्रिस्ती असणे कुठे दिसते? रंगमंचावर जवळजवळ कुठेच नाही. चित्रपटात दिसते, पण ते दुसऱ्यांनी लिहिलेले. ‘कुछ कुछ होता है’मधला उन्हाळी शिबिराचा कर्नल अल्मेडा घ्या. हिंदी चित्रपटातला ख्रिस्ती म्हणजे आडनावाने गोवेकर, जिभेने अर्धा इंग्रज आणि हातात बहुधा बाटली, हा शिरस्ता जुनाच आहे. अल्मेडाच्या हातात बाटली नसली तरी साहेबी थाटाचे ते चित्र त्याच घराण्यातले. मला यातला विरोधाभास बोचतो. एक खराखुरा ख्रिस्ती माणूस, कनिगिरीहून धारावीत आलेल्या कुटुंबातला, तेलुगू बोलणारा, पडद्यावर मात्र लिखाणवाल्यांच्या डोक्यातला खोटा ख्रिस्ती साकारतो; आणि त्याच्या खऱ्या जगातली ख्रिस्ती माणसे, म्हणजे झोपडपट्टीतल्या प्रार्थनाघरात ढोलकीवर तेलुगू गीते म्हणणारी, पडद्यावर येत नाहीत, त्याच्या स्वतःच्या कार्यक्रमांतही फारशी नाहीत. याचे कारण मी वर दिलेच आहे: समोरच्या प्रेक्षकाला ती माणसे ठाऊकच नाहीत, आणि जे ठाऊक नाही त्याच्या नकलेला हशा येत नाही.

त्यांच्या आयुष्यात श्रद्धा ठळक झाली ती मुलाच्या आजारपणाने. जेसीच्या गळ्यात गाठ आढळली तेव्हा तो लहान होता. इथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेतला धोका सांगितला होता, दृष्टी जाण्याची, अर्धांगवायूची शक्यता बोलून दाखवली होती, औषधांचा मारा चालू होता आणि जॉनी चित्रपटांच्या त्या गर्दीत सेटवर हसवायला जात होते. पुढे कुटुंब अमेरिकेत गेले असता न्यू जर्सीत भेटलेल्या एका पाळकांनी त्यांना न्यूयॉर्कच्या त्या रुग्णालयात जायला सांगितले जिथे सुनील दत्त यांच्या पत्नी नर्गिस यांच्यावर उपचार झाले होते. तिथे शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा बरा झाला.

‘दर्द का रिश्ता’कडे परत यायचे ते इथे. नर्गिस यांचे कर्करोगाने ३ मे १९८१ रोजी निधन झाले आणि त्यानंतर सुनील दत्त यांनी हा चित्रपट काढला. त्याची कथा कर्करोग झालेल्या लहान मुलीची, तिच्या डॉक्टर वडिलांची आणि न्यूयॉर्कची आहे. जॉनी लिव्हर यांच्या चित्रपटजीवनाच्या उंबरठ्यावर हाच चित्रपट होता. हे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर संपादकाने जुळवून आणलेले म्हणून खोडले असते.

या प्रसंगानंतर त्यांनी दारू सोडली. त्याआधी ती बरीच होती. चौपाटीवर पहाटेपर्यंत पीत बसलेले असताना पोलिस आले, त्यांनी ओळखले आणि हाकलण्याऐवजी हसत हसत आपल्याच गाडीत बसवले, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. व्यसनी बापाच्या घरात वाढलेल्या माणसाने स्वतः त्याच वाटेला लागावे आणि मुलाच्या आजारपणात बाहेर पडावे, हा भाग त्यांच्या सांगण्यातला सगळ्यात खरा वाटणारा भाग आहे. आजार कसा बरा झाला याचे कथन मात्र ठिकाणानुसार थोडे बदलते. कधी भर प्रार्थनेवर असतो, काम थांबवून केलेल्या प्रार्थनेनंतर तपासणीत काही आढळले नाही असा. कधी पाळकांचा सल्ला, परदेशी रुग्णालय आणि शस्त्रक्रिया सविस्तर येते. श्रद्धावान माणसाला यात विसंगती वाटणार नाही, कारण त्याच्या लेखी शल्यविशारदाचा हातही देवाचाच. तरी ऐकणाऱ्यांत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे आईवडील असतात, त्यामुळे शस्त्रक्रियेचा उल्लेख प्रत्येक वेळी यावा असे मला आग्रहाने वाटते.

त्यानंतर ते निरनिराळ्या मंडळ्यांत, प्रार्थनासभांत, देशात आणि परदेशात साक्ष देऊ लागले. मराठी ख्रिस्ती मंडळींत ‘साक्ष देणे’ हा रोजच्या वापरातला शब्दप्रयोग आहे: देवाने माझ्या आयुष्यात काय केले ते चारचौघांत उभे राहून सांगणे. त्यांच्या साक्षीचे चित्रीकरण पाहताना मला राहून राहून कीर्तनाची आठवण होते. आधी लोकांना हसवून सैल करायचे, गावातल्या व्यसनी नवऱ्याची, कजाग सासूची नक्कल करायची, आणि श्रोता पूर्ण हातात आला की आवाज खाली आणून मूळ विषयाला हात घालायचा, हे तंत्र आपल्या बुवांना शतकानुशतके माहीत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर अभंग आणि भजने लिहून ख्रिस्ती उपासनाच मराठी वळणावर आणली होती. जॉनी लिव्हर यांनी हे कोणाकडून शिकून घेतले असेल असे नाही. ते ज्या धंद्यात घडले तिथेच श्रोत्याची मान कधी डोलते आणि कधी खाली जाते हे कळत असे. फरक इतकाच की ऑर्केस्ट्रात हशा आला की काम संपायचे, इथे हशानंतर त्यांचे काम सुरू होते.

आणखी एक फरक आहे, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. रंगमंचावर त्यांनी नेहमी दुसऱ्यांच्या नकला केल्या. साक्षीत ते स्वतःबद्दल बोलतात. आजच्या तरुण स्टँड-अपवाल्यांचा सगळा मजकूर ‘मी’ पासून सुरू होतो: माझे लग्न, माझी चिंता, माझे आईवडील. जॉनी यांच्या पिढीत विनोद करणाऱ्याने स्वतःचे दुःख मांडणे बसत नव्हते. वडिलांची दारू, शाळा सुटणे, फूटपाथ, हे कार्यक्रमात सांगितले असते तर पैसे देऊन बोलावणाऱ्या मंडळाने पुढच्या वर्षी बोलावले नसते. प्रार्थनासभेने त्यांना ते सांगायची जागा दिली. अलीकडे दीर्घ मुलाखतींचा जमाना आला आणि तेच सारे त्यांनी कॅमेऱ्यासमोर सगळ्यांसाठी सांगितले, पण सराव आधी सभेत झाला होता असे माझे अनुमान आहे.

श्रद्धेने त्यांचा विनोद बदलला का? मला तरी तसे दिसत नाही. द्व्यर्थी आणि अश्लील विनोद टाळण्याबद्दल ते बोलतात, पण त्यांचे कार्यक्रम सहकुटुंब पाहण्याजोगेच होते, कारण मंडपात पुढच्या सतरंजीवर लहान मुले बसलेली असत. झी टीव्हीवरच्या त्यांच्या कार्यक्रमाचे नावच मुळी ‘जॉनी आला रे’ होते, गोविंदांच्या आरोळीसारखे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. ख्रिस्ती असल्याचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही आणि कधी लपवाछपवीही केली नाही. सध्याच्या वातावरणात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमवणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे, हेही नमूद करायला हवे.

त्यांचे धाकटे भाऊ जिमी मोझेस हेही मिमिक्री कलाकार आहेत. मुलगी जेमी हिने लंडनमध्ये मार्केटिंगचे शिक्षण घेतले, तिथेच नोकरी केली आणि मग परत येऊन २०१२ मध्ये मुंबईच्या ‘द कॉमेडी स्टोअर’मध्ये स्टँड-अपला सुरुवात केली. हा क्लब लोअर परळला, फिनिक्स मिलच्या आवारात उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये होता. बापाने कारखाना सोडून रंगमंच धरला आणि लेकीचा पहिला रंगमंच एका बंद गिरणीच्या जागेवर, वातानुकूलित. आशा भोसले यांची तिची नक्कल विशेष गाजली. त्यात आवाज तर आहेच, पण मान किंचित कलती ठेवून बोलण्याची लकबही अचूक पकडलेली आहे. बापलेक एकत्र कार्यक्रम करतात तेव्हा ती इंग्रजीमिश्रित हिंदीत, सावकाश, स्वतःच्या घराबद्दल बोलते, वडिलांच्या नकला करते आणि वडील शेजारी उभे राहून त्या पाहतात. तिच्या मजकुरात घर येते, आईवडील येतात, रविवारची प्रार्थना अजून तरी फारशी येत नाही. ती आणावी असे मला वाटते, कारण अंधेरीचे उच्चभ्रू लोखंडवाला आणि धारावी या दोन्ही ठिकाणचे ख्रिस्ती घर आतून पाहिलेल्या कुटुंबाइतका भरघोस माल या विषयावर दुसऱ्या कोणाकडे असणार?